काहीच न करण्याची आठ मिनिटं

"काहीच करायचं नाही," मी सांगते,
"डोळे उघडे, नजर समोरच्या फुलीवर.
झोपायचं नाही, आकडे मोजायचे नाहीत, जपही नको."
सिद्रामप्पा हुडगे, उदगीरचे निवृत्त वायरमन,
विचारतात, "याचे पैसे देतात व्हय?"
प्रवासखर्च, म्हणते मी. आणि चहा.

लातुरात, औसा रोडच्या तळघरात
चुंबकाची ती पांढरी नळी.
अप्पांनी करदोडा काढला, चष्मा काढला,
टेस्टर माझ्या हातात देताना थोडे थांबले.
तीस वर्षांत खिसा असा कधी रिकामा नव्हता.

पत्र्यावर गारा पडाव्यात तसं चुंबक ठोकत राहतं.
विचार त्याला दिसत नाही, रक्त दिसतं.
टँकर कुठल्या गल्लीत वळला
यावरून तहान कुणाला लागली ते ओळखायचं.
गल्ली बरोबर सापडते,
पण टँकर पोचायला पाच सेकंद लागतात
आणि तेवढ्यात डोक्यात
एखादं भांडण होऊन मिटलेलंही असतं.

मंगळवारी टोपी: चौसष्ट स्पंज, मिठाचं पाणी,
कानामागून ओघळणारं.
टोपी वेळेची पक्की,
सेकंदाचा हजारावा तुकडाही सांडू देत नाही.
पण कवटी म्हणजे जाड गावकूस.
बाहेर उभं राहून हलगी ऐकायची
आणि सांगायचं, कुणाच्या दारात वाजतेय.

गुरुवारी उजेडाची पट्टी.
लहानपणी बॅटरी तळहाताला लावून
आम्ही बोटं लाल करायचो, तेच, जरा महाग.
माणूस थोडा हलला तरी ती रागवत नाही,
पण तिची दोरी आखूड, वरवरचंच पाणी शेंदते,
आणि दाट केसांशी तिचं वैर.
अप्पांना टक्कल आहे. मी मनातून खुश.

चौथं यंत्र आमच्या आठ जिल्ह्यांत नाही.
तक्त्यात त्याचा रकाना मी तरी आखून ठेवलाय.

माणूस एक, त्याचं काहीच न करणं एक,
नकाशे तीन.
चुंबक म्हणतं, कपाळामागचा ठिपका आणि पार मागचा
सोबत चढतात, सोबत उतरतात.
टोपी म्हणते, असेल, पण मला सगळेच ठिपके
एकमेकांचे भाऊबंद दिसतात.
पट्टीला तो मागचा खोल ठिपका दिसतच नाही.
सर फोनवर म्हणतात, "कोणतं बरं, ते एका वाक्यात लिहा."

अप्पा पडद्यावर बोट ठेवतात.
"ही दोन एकदम हलायलीत, म्हणून जोडलेली?"
हो, ढोबळमानाने.
"मग घात हाय, ताई.
लाइन बंद केली, फ्यूज खिशात घातला,
तरी शेजारनं तेहतीस केव्हीची जात असली
तर मेलेल्या तारेतबी करंट येतोय.
जोड कुठंच नसतोय.
म्हणून आधी अर्थिंग, मग हात."

मग बराच वेळ काही नाही. बशीत चहा गार.
"आमचा नरहरी इसरला. हाळीच्या खांबावर.
तुमी म्हणलाव काय बी करू नका.
तिन्ही दिवस तोच व्हता वर."

आवाज सुरू झाला तेव्हा होता का नरहरी,
की टोपीतलं पाणी गालावर आलं तेव्हा?
मी विचारलं नाही. त्याला रकाना नव्हता.

पाचची लाल गाडी धरायची म्हणून
अप्पांनी टेस्टर मागून घेतलं,
खिशाला लावलं, वरून दोनदा चापपलं.

रात्री मी पुन्हा गणित मांडलं.
शेजारून झिरपलेलं वजा केलं,
श्वासासोबत सगळीकडे हललेलं वजा केलं.
टोपीचे निम्मे जोड गळून पडले.
उरले ते खरे,
असं अजून म्हणवत नाही.

तक्त्यावर छापलंय: अवस्था, विश्रांती.
तो शब्द मी खोडला नाही.
त्याच्याखाली पेन्सिलीने फक्त
अर्थिंगची खूण काढली:
एक उभी रेघ, तिच्या पायाशी तीन आडव्या,
खाली खाली आखूड होत गेलेल्या.